इलोइलोत चार दिवस: बात्चोय, कालवं आणि रातांब्याचा भाऊबंद

ला पाझच्या बाजारात भाजीच्या एका गाळ्यासमोर आई थबकली आणि पुढे यायलाच तयार होईना. टोपलीत हिरवी, गोलसर, लिंबाहून थोडी मोठी फळं होती. तिने एक उचललं, देठाजवळ नखाने खरवडलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे रातांब्याच्या कुळातलं आहे." मी फोनवर शोधलं. फळाचं नाव बातवान, वंश गार्सिनिया, म्हणजे आपल्या कोकमाचाच. गुहागरला वाढलेल्या बाईने ते नुसत्या वासावरून ओळखलं होतं.

फिलिपिन्सला जाणारे आपले लोक बहुतेक मनिला, सेबू किंवा बोराकायला जातात. आम्ही पनाय बेटावरच्या इलोइलोला गेलो, आणि गेलो ते फक्त खायला. ऑक्टोबर 2023 मध्ये युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं 'सर्जनशील शहर' म्हणून मान दिला. फिलिपिन्समधलं असं हे पहिलंच शहर. पण मला ओढ लागली ती वेगळ्याच गोष्टीची. इथला प्रत्येक जुना भाग आपापल्या पदार्थासाठी ओळखला जातो: ला पाझचं बात्चोय, मोलोचं पान्सित, हारोचे बिस्कोचो, अरेवालोचे मासे. एकेका भागात जायचं आणि तिथलं तेच खायचं, एवढाच आमचा बेत होता.

आधी जाण्याचं सांगते. जून 2025 पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून न्या, आम्हाला दोन्ही विचारलं. 'ईट्रॅव्हल' नावाचा ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याआधीच्या 72 तासांत भरून त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. मी सिंगापूरला राहते आणि तिथून इलोइलोला थेट विमान आहे. भारतातून येणाऱ्यांना मनिला गाठून पुढे सव्वा तासाचं देशांतर्गत विमान घ्यावं लागेल. विमानतळ शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर आहे. बाहेर पडल्यावर एसएम सिटी मॉलपर्यंत जाणाऱ्या व्हॅन उभ्या असतात, त्या टॅक्सीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात.

आता बात्चोय. आई डुक्कर आणि गाय खात नाही, त्यामुळे हे मी एकटीनेच खाल्लं. बाजाराच्या आत नेटाँग्ज नावाचं दुकान आहे, 1948 पासूनचं. टेड्सच्या शाखा तर शहरभर आहेत, मात्र त्यांचीही सुरुवात 1945 मध्ये याच बाजारातली. मी बाजारात बसले, कारण तिथे समोरच सगळं घडताना दिसतं. बाई मिकी नावाच्या पिवळ्या नूडल्स जाळीच्या झाऱ्यात घालून उकळत्या पाण्यात बुडवते, दोनदा झटकते आणि वाडग्यात उलटते. वर काळजाचे आणि मांसाचे पातळ काप, तळलेला लसूण, कांद्याची पात आणि मूठभर चुरलेली चिचारोन, म्हणजे डुकराची कुरकुरीत तळलेली चामडी. मग हाडांचा रस्सा, इतका कढत की वर फोडलेलं कच्चं अंडं डोळ्यांदेखत पांढरं होतं. पहिले दोन घोट नुसत्या रश्श्याचेच घ्या, काही मिसळू नका. रश्श्यात किंचित गोडी आहे आणि तळाला आंबवलेल्या कोळंबीचा दर्प. सोबत पुतो मागवा. ही तांदळाची वाफवलेली पांढरी वडी असते, आपल्या इडलीहून गोड आणि दाट. ती रश्श्यात बुडवून खायची. रस्सा संपला की "साबाव" म्हणून वाडगं पुढे करायचं, पुन्हा भरून मिळतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मोठ्या वाडग्याचे मी एकशेवीस पेसो दिले. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरा.

तेवढ्या वेळात आई शेजारच्या बाकावर कॉफी पीत होती. बाजारातल्या जुन्या कॉफीच्या गाळ्यांवर कापडाच्या लांब पिशवीतून कॉफी गाळतात. सकाळी सातला तिथे निवृत्त माणसं वर्तमानपत्र पसरून बसलेली असतात. बसायला जागा नसेल तर कोणीतरी सरकून जागा करून देतं, त्यात संकोच करू नका.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मात्र कादयोसबद्दल. इलोइलोच्या घराघरात केबीएल नावाची आमटी होते: कादयोस, बाबोय, लांका. कादयोस म्हणजे तूर, बाबोय म्हणजे डुक्कर, लांका म्हणजे फणस. तूर आपलीच, पण काळसर दाण्यांची, आणि ती डाळ न करता अख्खी शिजवतात. फणस कच्चा, आपण कुयरीची भाजी करतो तसा. आंबटपणाला बातवान. डुकराऐवजी कोंबडी घातली की ती केएमएल, कारण कोंबडी म्हणजे मानोक. आईसाठी हेच शोधत आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी हुकलं. खानावळीला इथे कारिंदेरिया म्हणतात. पातेली मांडलेली असतात, झाकण उचलून बघायचं आणि बोट दाखवून मागायचं. आम्ही दुपारी एकला पोहोचलो तेव्हा पातेली खरवडलेली होती आणि फक्त तळलेला मासा उरला होता. इथली माणसं लवकर जेवतात आणि चांगली आमटी बारापर्यंत संपते. दुसऱ्या दिवशी अकराला गेलो. पातेल्यातली आमटी जांभळट करडी होती, तुरीच्या सालीचा रंग उतरलेला. आईने पहिला चमचा घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या आईने आमसूल घालून केलेली तुरीची उसळ, पण गुळाशिवाय." मी चाखलं. हळद नाही, मोहरी नाही, हिंग नाही, तिखट नाही. गवती चहाचा वास, फणसाच्या धाग्यांत मुरलेला रस्सा आणि जिभेच्या कडांना लागणारा तो स्वच्छ आंबटपणा. सामान सगळं कोकणातलं आणि चव मात्र पूर्ण परकी, हे मी आजवर कुठे अनुभवलं नव्हतं. आईने भात दोनदा घेतला.

त्यानंतर तिला बाजारभर ओळखीचे चेहरे दिसू लागले. अलुग्बाती म्हणजे मायाळू. ताकवाय म्हणजे अळूचे जमिनीवर पसरणारे कोवळे धुमारे, ते इथे जुड्या बांधून विकतात. लास्वा नावाच्या साध्या पातळ भाजीत हे सगळं जातं, सोबत भोपळा, भेंडी, वांगं. चव अगदी सौम्य, आजाऱ्यालाही चालेल अशी. पण शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. लास्वाला भाजी म्हणतात खरं, पण तिच्यात सुकी मासळी किंवा गिनामोस, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, हमखास असतो. "मांस आहे का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येईल, आणि उत्तर देणाऱ्याच्या लेखी ते खोटं नसतं, कारण कोळंबीला कोणी मांस धरत नाही. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: बाबोय, बाका (गाय), मानोक, इसदा (मासा), गिनामोस. पूर्ण शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि याच बाजारातून भाजी आणा. भाजी उत्तम आहे आणि तूरही मिळते.

विचारताना बाईंना "मानांग" आणि पुरुषांना "मानोंग" म्हणा. ताई, दादा म्हटल्यासारखं आहे, चेहरा लगेच बदलतो. "पालिहोग" म्हणजे कृपया. "तागपिला" म्हणजे केवढ्याला. आणि जेवण आवडलं की "नामित गिद", फारच चविष्ट.

बातवान विकणाऱ्या मानांगकडे आम्ही तिसऱ्या सकाळी पुन्हा गेलो. आईच्या पर्समध्ये प्रवासात आमसुलांची पुडी असतेच. तिने त्यातलं एक काढून मानांगच्या तळहातावर ठेवलं. ते काळंभोर, सुरकुतलेलं, मीठ चढलेलं आमसूल तिने उजेडात धरून पाहिलं, एक कोपरा चावला, एक डोळा घट्ट मिटला आणि शेजारच्या गाळ्याकडे वळून ओरडली, "अस्लुम!" आंबट. मग शेजारणीने चावलं, तिच्या मुलीने चावलं. पुढची दहा मिनिटं आई मराठीत आणि त्या हिलिगायनोन या इथल्या भाषेत बोलत होत्या. साल वाळवायची की रस काढायचा, माशात कधी घालायचं, हे सगळं हातवाऱ्यांनी झालं. मला दुभाषी व्हायची वेळच आली नाही.

मोलोला आम्ही संध्याकाळी गेलो. स्पेनच्या काळात तिथे चिनी वस्ती होती आणि पान्सित मोलो ही त्यांचीच देणगी. पान्सित म्हणजे नूडल्स, पण यात नूडल्स नसतात. पातळ पारीत सारण भरलेल्या लहान पोटल्या, निवळ रस्सा आणि वर तळलेला लसूण. सारणात डुक्कर असतं, आईने हात लावला नाही. मला ते चांगलं वाटलं, पण बात्चोयपुढे फिकं. समोरचं सांत आनाचं चर्च मात्र चुकवू नका. आत खांबांवर दोन्ही बाजूंना फक्त स्त्री संतांच्या मूर्ती आहेत, एकूण सोळा.

हारो स्पेलिंगमध्ये 'जे'ने सुरू होतं, पण उच्चार हारोच करा, नाहीतर जीपनीवाल्याला कळत नाही (जीपनी म्हणजे इथली लांबट प्रवासी जीप). तिथल्या बिस्कोचो हाऊसमधून बिस्कोचो घ्या. पावाचे लोणी-साखर लावून पुन्हा भाजलेले काप, आपल्या टोस्टच्या जवळचे. पिनासुग्बो मला जास्त आवडलं: केळ्याचे लांब काप तळून साखरेच्या पाकात घोळवतात, वर तीळ, आणि कागदाच्या लांब सुरळीत घालून देतात. दातांना चिकटतं, लहान मुलांना जपून द्या.

मासे खायला अरेवालोच्या किनाऱ्यावर जा. ताटोय्ज मानोकान आणि ब्रेकथ्रू ही दोन नावं तुम्हाला कोणीही सांगेल. बर्फावर मांडलेले मासे, कासाग नावाचे खेकडे, कोळंबी, सगळं बघून निवडायचं, वजन करून घ्यायचं आणि कसं करायचं ते सांगायचं. वजन झाल्यावर दर आणि करणावळ दोन्ही तिथल्या तिथे विचारून घ्या. एका वेगळ्या ठिकाणी मी विचारलं नाही आणि बिल अंदाजाच्या दीडपट आलं. मासा भाजून घ्या, इथे निखाऱ्यावरचं काम फार सुरेख होतं.

तालाबा मात्र घ्याच. तालाबा म्हणजे कालवं. आपल्याकडे खडकावर बसून कोयत्याने टोचून काढलेली कालवं वाट्यावर विकतात, इथे शिंपल्यासकट वाफवून थाळाभर येतात आणि किंमत ऐकून विश्वास बसत नाही. बोटाने उघडायची आणि सिनामाकमध्ये बुडवायची. सिनामाक म्हणजे मिरच्या, लसूण आणि आलं मुरवलेला व्हिनेगर. प्रत्येक टेबलावर त्याची बाटली असते, झाकणाला भोकं पाडलेली. आईने चाळीसेक कालवं खाल्ली असतील. कच्ची कालवं मात्र आम्ही घेतली नाहीत आणि तुम्हालाही तेच सांगेन.

फिरायला जीपनी पुरते. भाडं हातोहात पुढे पोहोचवायचं आणि उतरायचं असलं की "सा लुगार लांग" म्हणायचं. रात्री ग्रॅब ॲपवरून टॅक्सी बोलवा. बाजारात रोख लागते. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी अडीचशे पेसो कापतात, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा. जानेवारीच्या चौथ्या रविवारी दिनाग्यांगचा उत्सव असतो आणि त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. आम्ही फेब्रुवारीच्या मध्यात गेलो, हवा कोरडी होती आणि बाजारात गर्दी बेताची. नदीकाठच्या एस्प्लनेडपाशी राहिलात तर जेवणानंतर चालायला छान रस्ता मिळतो.

ताजी फळं विमानातून न्यायच्या फंदात पडू नका, सिनामाकच्या बाटल्या सामानाच्या मोठ्या बॅगेत टाका. आमची एक बाटली हातातल्या पिशवीत राहिली आणि सुरक्षा तपासणीत गेली. दुसरी बॅगेत कपड्यांत गुंडाळलेली होती. सिंगापूरला पोहोचल्यावर आईने त्याच संध्याकाळी बांगडे आणायला लावले आणि तळलेल्या बांगड्यावर तो व्हिनेगर शिंपडून खाल्ला.