सर्जाचं शिंग आणि मिरजेचं सलाइन

आमचा बैल सर्जा मान एका बाजूला टाकून उभा राहायला लागला. डोकं सारखं झटकायचा, डावं शिंग खांबाला घासायचा. आबांचं म्हणणं, बेंदराला शिंग साळताना खोल गेलं असणार. मग एक दिवस डाव्या नाकपुडीतून रक्त आलं, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शिंग बुडात धरून हलवलं आणि ते चक्क हललं. "शिंगाचा कॅन्सर दिसतोय. शिरवळला न्या," म्हणाले.

रक्त नाकातून का, हे मला तिथंच समजलं. मोठ्या जनावराचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. गाठ शिंगाच्या बुडात वाढते, रक्त वाट मिळेल तिकडून बाहेर येतं. हा आजार बडवलेल्या बैलांत जास्त, गाईंत कमी. शिंगं साळणं, रंगवणं, जूचं आणि दोरीचं घासणं, ऊन, या सगळ्यांवर संशय घेतला जातो, पण नक्की कारण एक असं सांगता येत नाही.

आम्ही आटपाडी तालुक्यातले. खिलार बैलाचं एक शिंग गेलं की खरसुंडीच्या बाजारात त्याला कोण विचारतंय? भावकीतल्या एकदोघांनी "दलालाला बोलाव" असा सल्ला दिलाच. आबा काही बोलले नाहीत, फक्त पिकअपवाल्याला फोन लावायला सांगितलं. म्हसवड, दहिवडी, फलटण, लोणंद करत शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात पोचलो. गाठीचा तुकडा काढून तपासला, निदान तेच आलं: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर.

त्याच सुमारास माझ्या चुलत्यांना मिरजेत फुफ्फुसाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपीची सलाइनं चालू होती. केमोपेक्षा त्यांना ती बरीच सोसली होती. मी शिरवळच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, तेच बैलाला दिलं तर?"

मला वाटलं हसतील. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी गोठ्याबाहेर बसून नीट समजावलं. शरीरात टी पेशी असतात, त्या वाईट पेशींना मारतात. त्यांच्या अंगावर पीडी-1 नावाचा रेणू असतो. टी पेशी म्हणजे मारका बैल आणि पीडी-1 ही त्याची वेसण समजा. वेसण हवीच, नाहीतर तो घरच्यांनाच मारत सुटेल. पण गाठीच्या पेशी पीडी-एल1 हा रेणू पुढं करून तीच वेसण ओढून धरतात. चुलत्यांचं औषध म्हणजे त्या दोघांच्या मध्ये शिरणारं प्रतिद्रव्य (अँटिबॉडी). क्योटोच्या तासुकू होंजोंच्या प्रयोगशाळेत पीडी-1 चा शोध 1992 मध्ये लागला, आणि 2018 चं नोबेल त्यांना व जेम्स ॲलिसन यांना मिळालं.

मग बैलाला का नाही? एक तर ते प्रतिद्रव्य माणसाच्या रेणूवर बेतलेलं. बैलाच्या पीडी-1 ला ते धरेलच असं नाही, आणि परकं प्रथिन म्हणून बैलाचं शरीरच त्याला निकामी करू शकतं. दुसरं वजन. माणसाला निवोलुमॅब हे असलंच पीडी-1 वरचं औषध सुरुवातीला किलोमागं 3 मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 180. चारशे किलोच्या सर्जाला त्याच हिशोबानं 1200 लागेल, तेही दर दोन आठवड्यांनी. चुलत्यांचं बिल मी पाहिलेलं होतं, पुढचं गणित मी मांडलंच नाही.

पण गुरांसाठी वेगळं प्रतिद्रव्य बनलेलं आहे, हे ऐकून मी सावरून बसलो. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्याचं, म्हणजे रॅटचं, पकडणारं टोक आणि बाकीचा भाग गाईचा, असं जोड-प्रतिद्रव्य तयार केलं गेलं. गाईच्या शरीराला ते परकं वाटू नये म्हणून. गुरांच्या रक्ताच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या ल्यूकेमिया विषाणूवर ते वापरून पाहिलं, विषाणूचं प्रमाण उतरलेलं दिसलं. सोबत मेलोक्सिकॅम देऊनही पाहिलं, आपल्याकडं सुजेवर देतात तेच. मात्र हे सगळं मोजक्या जनावरांवर. शिंगाच्या कॅन्सरसाठी दुकानात मिळेल असं त्यातलं काही नाही. आपल्याकडं पूर्वी शिंगाच्या गाठीचा अर्क फिनॉलनं प्रक्रिया करून आजारी बैलाला टोचायचे, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागं करायची कल्पना इथं नवी नाही, असंही ते म्हणाले. मला ही गोष्ट जपानपेक्षा जास्त आवडली.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. आदल्या दिवशी वैरण बंद, गुंगीचं इंजेक्शन, डोळा आणि शिंग यांच्या मधली नस बधिर केली, शिंग बुडातून काढलं. आबा बाहेर जाऊन बसले.

खरी कसोटी घरी आल्यावर. दर आठवड्याला व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेतून, किलोला 0.025 मिलिग्रॅम, म्हणजे सर्जाला एका वेळी 10. थेंबभर शिरेबाहेर गेलं तर मांस सडतं, म्हणून बैल घट्ट जखडायचा. प्रत्येक डोसआधी पांढऱ्या पेशी तपासायच्या. शेण-मूत हातमोजे घालूनच काढायचं. वहिनीला दिवस गेलेले, तिला गोठा पूर्ण बंद. हे औषध सदाफुलीपासून मिळतं म्हटल्यावर आबा तुळशीपाशी लावलेल्या झाडाचा पाला तोडायला निघाले होते. तो पाला विषारी आहे, चारायचा नाही, हे दोनदा सांगावं लागलं. जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून पट्टी बदलणं आणि माश्या हाकणं, यातच माझी शेतातली कामं मागं पडली.

जखम भरली. सर्जा वैरण खातो, हलकं काम ओढतो. गाठ परत येऊ शकते, त्यामुळं कापल्या जागी सूज आहे का, कानाच्या बुडातली लसिकाग्रंथी वाढली का, हे चाचपत राहायला सांगितलंय. आबा ते रोज चाचपतात आणि मला वहीत लिहायला लावतात. पेंड किती खाल्ली तेही.