पाय 100 मिमीने वाढला, अँगल एक नग वाढला

डाळ मिलचे दोन हॉपर, आठ पाय. अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) 50×50×6, प्रत्येक पाय 1450 मिमी. सहा मीटरच्या नगातून चार पाय निघतात, म्हणजे दोन नग पुरतात. मग मिलवाला म्हणतो, खाली पोतं नीट बसत नाही, पाय 1550 करा. चार पायांना आता 6200 लागतात, त्यामुळे एका नगातून तीनच निघतात आणि नग लागतात तीन. हा अँगल मीटरला 4.5 किलो भरतो. निव्वळ माल 52.2 वरून 55.8 किलो झाला, पण खरेदी 54 वरून 81 किलोवर गेली. बीओएममध्ये, म्हणजे मशीनला लागणाऱ्या मालाच्या यादीत, नुसतं निव्वळ वजन असेल, तर माल दोनच नग येतो आणि दोन पाय कमी पडल्याचं कटिंगच्या दिवशी कळतं. म्हणून रकाने दोन ठेवा: लागणारा माल आणि मागवायचा माल. जळगाव एमआयडीसीत अँगल किलोवर मिळतो, फिटर तो नगावर मोजतो, ड्रॉइंगवर मिमी असतात. हा हिशेब यादीतच झाला पाहिजे, फिटरच्या डोक्यात नाही.

बकेट एलिव्हेटरचं (बेल्टवरच्या बकेटांतून धान्य वर नेणारं मशीन) गणित सरळ आहे. केंद्र अंतर 6 मीटर, दोन्ही पुली 400 मिमी, तर बेल्ट 12 अधिक 1.26, म्हणजे 13.26 मीटर, जोडाचा ओव्हरलॅप वेगळा धरा. पिच (दोन बकेटमधलं अंतर) 200 मिमी असेल तर 66 बकेट. बकेटला दोन बोल्ट, म्हणून 132. पिच 180 केली की बकेट 73 आणि बोल्ट 146. एक्सेलमध्ये बोल्टच्या खान्यात 132 हाताने टाइप केलेला असेल तर तो तसाच राहतो. तिथे सूत्रच हवं.

खरी गडबड शाफ्टला होते. बूट शाफ्ट (एलिव्हेटरच्या तळाच्या पुलीचा) 25 मिमीवरून 30 केला, तर यादीतली एक ओळ बदलून भागत नाही. शाफ्ट धरणारं बेअरिंग यूसीपी 205 ऐवजी 206 येतं. त्याच्या बोल्टच्या भोकांचं अंतर 105 वरून 121 मिमी होतं, म्हणजे बेस प्लेटचं ड्रॉइंगही बदललं. सेंटरची उंची 36.5 वरून 42.9 होते, म्हणून खालचं पॅकिंग 6.4 मिमीने कमी करा, नाहीतर शाफ्ट वर चढतो. बोल्ट एम10 चे एम14 होतात. एम14 मिळाला नाही म्हणून फिटर एम12 लावणार असेल, तर यादीतही एम12 च लिहा, वॉशरसकट. पुलीचा बोअर (मधलं भोक) बदलतो. पुली शाफ्टवर फिरू न देणारी चावी मात्र 8×7 च राहते, तिला उगाच हात लावू नका. 35 चा शाफ्ट केला असता तर तीही 10×8 झाली असती.

ड्रॉइंग रिव्हिजन बी (सुधारलेलं) आणि यादी अजून ए (जुनी), अशी जोडी शॉपमध्ये जाऊ देऊ नका. फाइलचं नाव 'फायनल 2 नवीन' ठेवण्यापेक्षा रिव्हिजनचं अक्षर, तारीख आणि बदललेल्या ओळींचे क्रमांक पहिल्या पानावर लिहा. जुनी प्रिंट गोळा करून फाडा. भिंतीला चिकटवलेली असेल तर तीही.

आणि जुन्या भागाचं काय करायचं तेही त्याच ओळीत लिहा: 'यूसीपी 205, 2 नग, स्टोअरला परत'. नाहीतर पुढच्या मशीनच्या यादीत तेच दोन पुन्हा मागवले जातात.