मेक्सिको सिटीत कुठल्या हॉटेलात उतरू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या कंपनीचे सुटे भाग मेक्सिकोतल्या मोटार कारखान्यांत जातात. कारखाने केरेतारोच्या बाजूला, पण विमान उतरतं मेक्सिको सिटीत, आणि जाता-येता दोन-चार रात्री तिथेच जातात. अशा सहा खेपा झाल्या. त्यामुळे ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन मला येतो आणि प्रश्नही ठरलेला असतो: "अगं, एखादं चांगलंसं हॉटेल सुचव ना."

हॉटेलचं नाव मी सांगत नाही. एकाच हॉटेलात एका खेपेला मी मेल्यासारखी झोपले आणि दुसऱ्या खेपेला रात्रभर छताकडे बघत पडले. हॉटेल तेच, रिसेप्शनवरचा मुलगाही तोच, बदलली होती फक्त खोली. म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारते, खोली कुठल्या बाजूची घेणार?

पहिल्या खेपेला मी रस्त्याकडची घेतली होती. सेंत्रो इस्तोरिको, म्हणजे जुनं शहर, सोकालोच्या भल्यामोठ्या चौकापासून पाच मिनिटांवर. फोटोत लोखंडी कठड्याची बाल्कनी होती, त्या बाल्कनीवर भाळले. सकाळी जाग आली ती घंटेनं. कॅथीड्रलची असेल म्हणून कौतुकानं बाल्कनीत गेले, तर खाली एक माणूस हातातली घंटा बडवत चालला होता आणि मागून कचऱ्याचा ट्रक. घंटागाडी! आपली गाणी तरी लावते, तिथे अजून खरीखुरी घंटा आहे. मग गॅसवाल्याची आरोळी. मग भंगारवाल्याची गाडी, तिच्यावर एका लहान मुलीच्या आवाजातली रेकॉर्ड: गाद्या, फ्रीज, शेगड्या, धुलाई यंत्रं, मायक्रोवेव्ह, काय जुनं लोखंड असेल ते विकत घेतो. सगळ्या शहरात हीच रेकॉर्ड, हाच आवाज. दोन दिवसांत मला पाठ झाली. दुपारी खाकी गणवेशातले ऑर्गनवाले येतात, एक जण पेटीचा दांडा फिरवतो, दुसरा टोपी पुढे करतो. संध्याकाळी तामालेवाल्याची (पानात वाफवलेला मक्याचा पदार्थ विकणाऱ्याची) सायकल, तिचीही रेकॉर्ड. आणि अंधार पडला की एक शिट्टी. कुकरची शिट्टी दहापट लांबवली आणि शेवटी जीव गेल्यासारखी खाली आणली तर कशी वाटेल, तशी.

दोन रात्री मी त्या शिट्टीला शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री खाली उतरून बघितलं, तर रताळी! चाकांवरची, लाकडं जाळायची भट्टी, आत रताळी आणि केळी भाजायला ठेवलेली, आणि वाफ सोडली की ती शिट्टी. कागदाच्या प्लेटमध्ये गरम रताळं, वर आटवलेलं गोड दूध. तिकडे त्याला कामोते म्हणतात. दुसऱ्या दिवशी एका टोपलीत राजगिऱ्याच्या वड्याही दिसल्या, मधात बांधलेल्या, वर शेंगदाणे. त्यांचं नाव अलेग्रिया, म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा त्यांच्याकडचाच, स्पॅनिश लोक यायच्या आधी अस्तेक पूजेतही लागायचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे एकादशीची सोय आहे." आहे खरी.

तर सांगायचं ते हे, की रताळी खायला रस्त्यावर जा, झोपायला आत या. सेंत्रोतल्या जुन्या इमारती आपल्या वाड्यांसारख्या असतात. मध्ये चौक, भोवती खोल्या. चौकाकडच्या खोलीला ते 'इंतेरिओर' म्हणतात आणि बऱ्याचदा ती स्वस्तही असते. उजेड कमी असतो, हे कबूल. काही ठिकाणी 'इंतेरिओर'ची खिडकी चौकात न उघडता हवेसाठी सोडलेल्या नुसत्या अरुंद पोकळीत उघडते. म्हणून किल्ली घेण्याआधी खोली दाखवायला सांगायची. कुणी नाक मुरडत नाही. रोमा किंवा कोंदेसा या वस्त्यांत उतरलात तर झाडं भरपूर, कॉफीची दुकानं भरपूर, आवाज जरा कमी, भाडं जरा जास्त. शिवाय सोकालो किंवा रेफोर्मा रस्त्यावर मोर्चा निघाला की टॅक्सी चार गल्ल्या अलीकडे सोडते, तो त्रास तिकडे कमी. १५ सप्टेंबरच्या रात्री मात्र स्वातंत्र्याचा जल्लोष बघायला अख्खं शहर सोकालोत असतं. तेव्हा सेंत्रोत बॅग ओढत पोचायचा बेत करू नका.

आता मजला. मी सोलापूरची. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे अंगणात उभे होतो. मी शाळेत होते, पण भांडी वाजलेली अजून ऐकू येतात. त्यामुळे मला मेक्सिको सिटीची जमीन डोक्यातून काढता येत नाही. हे शहर तलावाच्या तळावर बसलंय. अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान तलावातल्या बेटावर होती, पुढे स्पॅनिशांनी आणि नंतरच्यांनी पाणी काढून टाकलं आणि त्या मऊ चिकणमातीवर शहर पसरलं. ती माती भूकंपात जेलीसारखी हलते. १९८५ चा भूकंप तिथून साडेतीनशे किलोमीटरवर समुद्रकिनारी झाला आणि माणसं इथे हजारोंनी गेली. तारीख १९ सप्टेंबर. २०१७ चा मोठा भूकंपही १९ सप्टेंबरलाच. दर वर्षी त्या दिवशी देशभर सराव करतात, आणि २०२२ साली सराव संपून तास व्हायच्या आत खरा भूकंप आला. रिसेप्शनवरच्या बाईंना मी हा योगायोग विचारला, तर त्यांनी खांदे उडवले आणि सप्टेंबरात सुट्टी घेते म्हणाल्या.

घाबरवायला सांगत नाही. आपल्याकडे नाही अशी एक सोय तिथे आहे. किनाऱ्याजवळ धक्का बसला की यंत्रणा तो टिपते आणि भूकंपाच्या लाटा शहरापर्यंत यायच्या आधी रस्त्यावरच्या खांबांवरून भोंगा वाजतो. केंद्र लांब असेल तर मिनिटभरापर्यंत वेळ मिळतो. जवळ असेल तर मिळत नाही, २०१७ ला जवळजवळ मिळालाच नाही. मिनिटात काय होतं? दुसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर येता येतं. नवव्यावरून नाही. तिथे इमारतीतच, हिरव्या खुणेची जी सुरक्षित जागा असते तिथे थांबायचं. म्हणून मी दुसऱ्या मजल्याच्या वर खोली घेत नाही. खोलीत गेल्यावर आधी दारामागचा नकाशा बघते, जिना एकदा चालून येते, आणि झोपताना बूट, पासपोर्ट, चष्मा पलंगाच्या एकाच बाजूला ठेवते. लिफ्टमध्ये तळमजल्याला 'पी.बी.' लिहिलेलं असतं, प्लांता बाखा. जुन्या हॉटेलात फरशी एका बाजूला उतरती दिसली तर तेवढ्यावरून दचकू नका. शहर वर्षानुवर्षं खचतंय, कॅथीड्रलसुद्धा कलतंय.

खालचा मजला घेण्याचं दुसरं कारण फुप्फुसं. कळसूबाई १,६४६ मीटर, हे शहर २,२४०. म्हणजे आपल्या सगळ्यांत उंच शिखराच्या डोक्यावर आणखी जवळजवळ सहाशे मीटर. लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्याला पोचेपर्यंत कानात ठोके ऐकू येतात. पहिल्या दिवशी सावकाश चाला, पाणी पीत राहा, मेस्काल, म्हणजे तिकडची दारू, दुसऱ्या दिवशी.

ते पाणी नळाचं नको. दातही बाटलीच्या पाण्यानं घासा. बहुतेक हॉटेलं रोज बाटल्या ठेवतात, लहान हॉटेलांत जिन्यापाशी गार्राफोन असतो, आपल्या वीस लिटरच्या जारचा भाऊ, तिथून भरून घ्यायचं. आणि नळावरची अक्षरं नीट वाचा. 'सी' म्हणजे कालिएन्ते, गरम. थंड असतं ते 'एफ', फ्रिया. मी पहिल्या सकाळी 'सी' कोल्डचा समजून पूर्ण सोडला आणि हात भाजून घेतला. संडासात जेट स्प्रे नाही, बादली नाही. मी प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाकते, कुणाला हसायचं ते हसू दे. जुन्या इमारतींत कागद संडासात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायची पाटी असते. ती पाळा, नाहीतर पाइप तुंबतो आणि मग भाषा येत नसताना ते समजावून सांगावं लागतं.

पुण्याहून इलेक्ट्रिक किटली नेण्याचा शहाणपणा मी एकदा केला. तिथे वीज १२७ व्होल्टची. आपली २३० ची किटली तिच्यावर तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी ताकदीनं चालते. चहाचं पाणी ठेवून मी आंघोळ करून आले, तरी ते कोमटच. मोबाइलचे, लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त पिन दोन चपट्या लागतात. गरम पाणी रिसेप्शनवर मागा, देतात. साध्या हॉटेलांत हीटर नसतो, एसीही नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगलीच थंडी असते, एक जादा 'कोबिखा' मागून घ्यायची. कोबिखा म्हणजे ब्लँकेट. स्पॅनिशचे चारच शब्द शिकणार असाल तर त्यांत हा असू द्या.

बुकिंग करताना दोन शब्दांशी गाठ पडते. 'मात्रिमोनिअल' बघून बिचकू नका, लग्नाचा संबंध नाही, तो नुसता डबल बेड. 'दोब्ले' म्हणजे बहुतेक ठिकाणी असे दोन पलंग. 'आउतो ओतेल' असं काही स्वस्त आणि चकचकीत दिसलं तर पुढे जा. तिथे खोल्या तासांच्या हिशेबानं जातात आणि गाडी कुणाला दिसू नये म्हणून प्रत्येक खोलीला पडदा लावलेलं गॅरेज असतं. मी एकदा पैसे भरायच्या बेतात होते. फोटोत पलंग गोल होता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

पैशांचं थोडक्यात. पेसोची खूणही डॉलरचीच, त्यामुळे दरपत्रक बघून छाती दडपली तर आधी चलन विचारा. दाखवलेल्या भाड्यावर १६ टक्के व्हॅट आणि वर मुक्कामाचा स्थानिक कर लागू शकतो. कार्ड मशीननं रुपयांत की पेसोत असं विचारलं तर पेसोत. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज वीस ते पन्नास पेसो उशीवर ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नकोत, कारण रोज त्याच बाई असतील असं नाही. सुट्टे देताना जुनी वीसची नोट आणि नवी पाचशेची नोट नीट पाहा. दोन्ही निळ्या, दोन्हीवर बेनितो हुआरेस, त्यांचे जुने राष्ट्राध्यक्ष.

शाकाहारी असाल तर न्याहारीला 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. तेवढ्यानं गोमांस टळतं, कोंबडी आणि हॅम येऊ शकतात. पोयो नको, खामोन नको, मांतेका नको असं एकेक मोजून सांगा. मांतेका म्हणजे डुकराची चरबी, ती राजम्यासारख्या दिसणाऱ्या निरागस फ्रिहोलेसमध्ये लपलेली असते. आणि या शहरात केसादियामध्ये, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळीत, केसो, म्हणजे चीज, असेलच असं नाही. 'कोन केसो' म्हणावं लागतं. बाकीच्या मेक्सिकोतले लोक यावरून यांची टर उडवतात. भोपळ्याच्या फुलांची, कोन केसो, मागवा.

शेवटच्या दिवशी बाराला खोली सोडावी लागते आणि युरोपमार्गे येणारी बरीच विमानं रात्री असतात. सामान रिसेप्शनवर ठेवतात, फुकट. सेंत्रोत असाल तर तेवढ्या वेळात शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत जाऊन या, सोकालोपासून चालत दोन-तीन गल्ल्या. तिथे मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा याची भित्तिचित्रं आहेत, मजल्यांमागून मजले. 'आमची भाकरी' नावाच्या चित्रात टेबलाशी बसून भाकरी मोडणारा जो सावळा माणूस आहे, तो आपल्या वर्ध्याकडचा. पांडुरंग खानखोजे. इंग्रजांविरुद्धच्या गदर पक्षाचे क्रांतिकारक, इंग्रजांपासून लपत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जातींवर काम केलं. माझ्या पहिल्या तीन खेपांत मला हे माहीतच नव्हतं आणि मी विमानतळावर सहा-सहा तास बसून काढले. सोमवारचा बेत करू नका, त्या दिवशी तिथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

सामान ठेवताना एक नंबराची चिठ्ठी देतात. ती पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. मी एकदा रताळ्याच्या प्लेटबरोबर फेकून दिली होती.