सहावं बोट

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. जालना रोडवर उड्डाणपुलाच्या सावलीत रिक्षाची वाट बघत उभी होते. छत्रपती संभाजीनगरात या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण समोरच्या भिंतीवर एक पोरगा लोखंडी घोड्यावर उभा राहून पद्मपाणी, म्हणजे अजिंठ्याचा तो कमळ धरलेला बोधिसत्त्व, काढत होता. डाव्या हातात मोबाइल, त्यात चौकोन पाडलेला फोटो; भिंतीवर तेच चौकोन खडूने, हात-हातभर मोठे. खाली पांढऱ्या रंगाची बादली आणि स्टेनरच्या पाच-सहा बाटल्या. मुकुट झाला होता, झुकलेले डोळे झाले होते, मोत्यांची माळ तर सुरेखच उतरली होती. उजव्या हाताच्या जागी मात्र कोरी भिंत.

"हात का ठेवला रे?"

"बोटं लई वेळ खातेत, काकू. उद्या सकाळच्याला करतो."

मला एक खोड आहे. भिंतीवर माणसाचं चित्र दिसलं की मी आधी हात बघते. चेहरा कसाबसा जमतो, नाही जमला तर मिशी लावता येते. बोटांचं तसं नाही. ती चुकली की केळ्याची फणी होते. मग पेंटर लोक युक्त्या करतात. वारकऱ्याच्या हातात टाळ देतात. शाळेला निघालेल्या मुलीचे हात दप्तराच्या पट्ट्यांखाली जातात. पैठणीचा पदर तर अशा कामी फारच उपयोगी. स्वच्छतेच्या भिंतीवरच्या एका गृहस्थांना मी कोपरापर्यंत हातमोजे घातलेले पाहिलेत. मोर काढणारे सगळ्यात सुखी.

2023च्या फेब्रुवारीत डब्ल्यू-20ची, म्हणजे जी-20च्या महिला गटाची, बैठक आपल्याकडे झाली, तेव्हा पाहुण्यांसाठी शहरातल्या भिंती रंगल्या. त्या दिवसांत मी रिक्षातून मान बाहेर काढून नुसते हात बघत फिरत होते. पाहुणे गेले, भिंती राहिल्या. पश्चिमेच्या उन्हात लाल रंग आधी उडतो, निळा जरा तग धरतो. खालच्या दोन फुटांत ओल चढून पोपडे धरतात, आणि त्याच उंचीवर पानवाल्यांचंही काम चालू असतं.

पद्मपाणीचा खरा हात बघायचा तर अजिंठ्याला पहिल्या लेण्यात जावं. त्या बोटांनी निळं कमळ धरलंय की नुसतं टेकवलंय, हे मला चार वेळा जाऊनही ठरवता आलेलं नाही. आणि ती भिंत तरी कशाची? माती, शेण, भुसा, वरून चुन्याचा पातळ हात. म्हणजे आमच्या आजीचं सारवणच की! तिथेही दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज फौजेतल्या साहेबांनी 28 एप्रिल 1819 ही तारीख घालून चित्रावरच आपलं नाव कोरून ठेवलंय. बदाम काढून 'राजू' लिहिणाऱ्या पोरांना आपण उगाच एकट्यांना बोलतो.

"वरून क्लिअर वार्निश मारला की पाच वर्षं बघायचं काम नाही," पोरगा म्हणाला. मी गप्प बसले. अजिंठ्याची चित्रं वाचवायला निजामाने 1920च्या सुमारास इटलीहून जाणकार आणले होते. त्यांनी दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडला. पण त्या उन्हात त्याला हे सांगून काय करायचं होतं?

माझी ही खोड औसा तालुक्यातल्या आमच्या घराच्या दारातली. आत्याचं लग्न ठरलं आणि तालुक्याहून पेंटर आला, सायकलच्या हँडलला रंगाचे डबे लटकवून. दारावर गणपती, खाली 'चि. सौ. कां.', दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार. अक्षरांच्या ओळी आखायला त्याने निळीच्या पाण्यात सुतळी भिजवली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी सहा-सात वर्षांची. "ताठ धर, नाक पुसायचं नंतर." मग त्याने सुतळी मधोमध चिमटीत ओढून सोडली. फट्‌! भिंतीवर सरळ निळी रेघ, आणि माझ्या फ्रॉकवर शिंतोडे. त्या आवाजासाठी मी त्याला आणखी रेघा मारायला लावल्या. गरज नसलेल्याही.

संध्याकाळी आजोबा शेतातून आले, भिंतीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "चोपदाराला सहा बोटं हायती की." पेंटर शिडीवरून उतरला. आधी त्याने स्वतःची बोटं मोजली, मग भिंतीवरची. ब्रश पांढऱ्यात बुडवला, तेवढ्यात आजी आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दारावर राखणीला हाय, एखादं जास्तीचं असलं तर बरंच."

तो चोपदार पुढे बरीच वर्षं आमच्या दारात होता. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती बुडवून गाव उशिरा झोपलेलं असताना, ती भिंत भूकंपात रस्त्यावर पडली. आमची माणसं वाचली. किल्लारीकडच्या सोयऱ्यांचं मला अजून लिहिता येत नाही. दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर माळवदाचं ओझं, दुसरं काय. नंतरच्या घराला सिमेंटच्या भिंती आल्या, त्यांना नुसता पांढरा चुना. त्या घरातून दोन लग्नं निघाली, पण पेंटर बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. मग फ्लेक्सच आले.

घरी पोचल्यावर मी आत्याला फोन लावला. आत्या उदगीरला असते, पंच्याहत्तरीला आली.

"सहा? काहीतरीच तुझं. पाचच होती."

"अगं, आजोबांनी मोजली होती."

"आण्णांना तेव्हाच मोतीबिंदू होता. लग्न माझं होतं, भिंतीकडं माझंच ध्यान होतं."

नवरी मुलगी ऐन लग्नात चोपदाराची बोटं मोजत उभी होती, हे मला काही पटलं नाही. पण तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी विषय बदलला, आंबे कसे आहेत ते विचारलं.