आमची वाटचाल : ‘ते काढा, हे लावा’पासून सुटका

भोसरी एमआयडीसीतलं आमचं मशीन शॉप कुठल्या मोठ्या स्वप्नातून सुरू झालेलं नाही. आम्ही तिघे एकाच कंपनीत होतो, मी प्रॉडक्शनला आणि बाकी दोघे सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारे, आणि तिथे टिकणं अवघड झालं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. तशा कंपन्या या पट्ट्यात पैशाला पासरी आहेत.

थोरले मालक तापट होते, पण रोज शॉप फ्लोअरवर यायचे. पुढे धाकट्या मालकांचा कारभार केबिनमधून, फोनवर चालू लागला. सकाळी एका पार्टचं सेटिंग लागलेलं असायचं. अकराला फोन : ते काढा, हे लावा, कस्टमर बोंबलतोय. दुपारी दुसरा कस्टमर बोंबलला की पुन्हा तेच. बाहेरच्याला वाटेल, मशीन तेच, माणूस तोच, मग बिघडलं काय? सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, पार्ट बदलायचा म्हणजे पार्ट पकडणारे जॉज बदला, टूल बदला, टूलची मापं (ऑफसेट) घ्या, पहिला पीस काढा, तो क्वालिटीकडून पास करून आणा. यात दीड-दोन तास सहज जातात आणि तेवढा वेळ मशीन एक रुपया कमवत नाही. असं दिवसातून तीनदा झालं की शिफ्ट संपलीच. वर संध्याकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न : प्रॉडक्शन का नाही निघालं?

खरं कारण सांगणारा ‘निगेटिव्ह’ ठरायचा. मग लोक साहेबांना आवडतील ते आकडे लिहू लागले. रिजेक्ट पीस बिनच्या तळाशी जायचे आणि कस्टमरची डेबिट नोट (खराब मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी) आली की बाहेर यायचे. ओरडणारा मालक परवडला, पण खरं ऐकून न घेणारा नको. जुने सेटर एकेक करून निघून गेले. आमचं जाणं मात्र पीएफने ठरवलं. पगारातून कापत होते, भरत नव्हते. 2014 मध्ये यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा कायमचा पीएफ नंबर आला, पुढे पासबुक मोबाइलवर दिसू लागलं, म्हणून तरी कळलं.

मुद्रा योजनेत तेव्हा 10 लाखांपर्यंत कर्ज मिळायचं. त्यात एक जुनी सीएनसी लेथ आली, गाळा भाड्याचा. नोटाबंदी, जीएसटी आणि 2020 चा लॉकडाऊन यांत जे सगळ्यांचं झालं तेच आमचंही.

इथे गुरुवारी सुट्टी असते, म्हणून पुढच्या आठवड्याचं लोडिंग, म्हणजे कुठल्या मशीनवर कुठला पार्ट, बुधवारी संध्याकाळी फळ्यावर लागतं. त्यात बदल करायचा तर सेटरला विचारून. मलाही सूट नाही. अर्जंट काम घेतो, पण सेटिंगचे पैसे वेगळे लावतो. ते सांगितलं की निम्मी ‘अर्जंट’ कामं सोमवारपर्यंत थांबायला तयार होतात! रिजेक्ट पीसचं लाल बिन दारातच आहे, येणाऱ्या कस्टमरलाही दिसतं. एकाने त्यावरून तोंड वाकडं केलं होतं. आज त्याचंच काम सगळ्यात जास्त आहे.

20 माणसं होईपर्यंत पीएफची सक्ती नसते. आम्ही तो आधीच स्वेच्छेने घेतला. 15 तारखेच्या आत भरतो आणि प्रत्येकाला पासबुक उघडून बघायला लावतो.

अडतं ते येणी वसूल करताना. 2006 च्या लघुउद्योगांच्या (एमएसएमईडी) कायद्याने आमच्यासारख्यांचे पैसे फार तर 45 दिवसांत मिळायला हवेत; मोठे कस्टमर तरी नव्वदीच्या पुढे नेतात. बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर, ठळक छापायला लागल्यापासून दोघांचे वेळेवर येऊ लागलेत. बाकीच्यांकडे दर सोमवारी फोन चालू आहेत.