घाट, बोअरचं पाणी आणि जुनी पिकअप

भरलेली जुनी पिकअप धारूरच्या घाटात तापली की बहुतेक जण एकच उपाय करतात. गाडी कडेला घ्यायची, बोनेट उघडायचं, थोडं थांबून कॅनमधलं पाणी ओतायचं. त्या पाण्यानं गाडी घाट चढते खरी, पण ती का तापली हे कळत नाही आणि पुढच्या खेपेला परत तेच. गेल्या उन्हाळ्याआधी मी वापरलेली पिकअप घेतली. माजलगावहून तेलगाव-धारूरमार्गे अंबाजोगाई, लातूर असा माल न्यायचा होता. रिकामी गाडी एकदम ठीक. भरून चढाला लागली की इंजिनच्या तापमानाचा काटा वर. मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा काय होईल याच काळजीनं मी सगळं मुळापासून बघायचं ठरवलं.

पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम इंजिनचं झाकण कुणीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, उघडताच वाफ तोंडावर येते.) आत कूलंट (इंजिन गार ठेवणारं, गंज न लागू देणारं द्रव) नव्हतंच. गंजानं तांबूस झालेलं पाणी आणि झाकणाच्या तोंडाशी पांढरी खरपुडी. आधीचे मालक वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आले होते. आपल्याकडं दुसरं पाणी असतंय कुठं? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असा आपला मुलूख. बोअर खोल जातात आणि त्यांचं पाणी जड असतं. पातेल्यात उकळलं की तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून बसत जातो. नळी अरुंद होते, पाणी कमी फिरतं आणि तो थर उष्णताही बाहेर जाऊ देत नाही.

झाकणाचा रबरही वाळून कडक झाला होता. वस्तू किरकोळ, पण तिचं काम मोठं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभर अंशाच्या पुढं गेलं तरी उकळत नाही. रबर गेला की दाब गेला.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, बघायला तिची बसायची जागा उघडली, तर ती रिकामी! "आपल्या उन्हात कशाला पाहिजे थर्मोस्टॅट, काढून टाका" हा सल्ला मराठवाड्यातल्या निम्म्या गॅरेजात मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणजे गार ठेवायला काढलेली वस्तू घाटात उलटी तापवते. नवा थर्मोस्टॅट आणला, त्यावर ८२ छापलेलं होतं, म्हणजे तो ८२ अंशाच्या आसपास उघडायला लागतो. बसवायच्या आधी घरी पातेल्यात दोऱ्यानं टांगला, बाजूला दूध डेअरीतला तापमापक धरला आणि गॅस पेटवला. ऐंशीपर्यंत काहीच हालचाल नाही. मग चकती हळूच उचलायला लागली आणि पाणी उकळायच्या बेताला आलं तेव्हा पूर्ण उघडली. आई म्हणाली, "ते पातेलं आता परत चुलीवर येऊ देऊ नको." ते आता गॅरेजातच असतं.

रेडिएटर काढून अंबाजोगाईला रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं नेला. आधी त्यांनी बाहेरच्या जाळीवर हात फिरवला. कापसाची रुई, सोयाबीनचा भुसा आणि धूळ यांचा नमदा झाला होता. तो इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्यानं धुवायचा; सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं पत्र्या वाकतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, त्यामुळं गॅसच्या ज्योतीनं जोडाचा डाग (सोल्डर) वितळवून वरची टाकी उघडता आली. चाचांनी वरून पाणी सोडलं आणि खाली बोट दाखवून म्हणाले, "देखो भाऊ, इकडच्या नळ्यातून थेंब बी येत नाही." एका कडेच्या नळ्या बंदच होत्या. प्रत्येक नळीतून पातळ सळई घातली तेव्हा पांढरट-तपकिरी पापुद्रे पत्र्यावर पडत राहिले, मूठभर तरी निघाले. टाकी परत जोडून, हवा भरून, हौदात बुडवून गळती तपासली. अॅल्युमिनियमच्या आणि प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला असं करता येत नाही, तो बहुधा बदलावाच लागतो.

फॅनचा क्लच, म्हणजे इंजिन गरम झालं की फॅनला धरून फिरवणारा भाग, ठीक निघाला. गरम इंजिन बंद करून पातं हातानं फिरवलं तर त्यानं अडत-अडत साथ दिली. मोकळं गरगरलं असतं तर क्लच गेलेला असता.

आता गिअरबॉक्स. आपल्या बहुतेक पिकअपचा गिअरबॉक्स हातानं गिअर बदलायचा असतो. त्याला वेगळा कूलर नसतो. आतलं तेल आणि खालून लागणारा वारा एवढाच त्याचा गारवा. म्हणून तेल कमी झालं की थेट गिअर तापतात. तेल बदलताना आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करून बघायचा, मगच खालचा, तेल सांडायचा बोल्ट उघडायचा. नाहीतर तेल सांडून जातं, वरचा बोल्ट जाम निघतो आणि गाडी जागेवर बसते. तेल काळं, जळका वास, चुंबकी बोल्टवर राखाडी लेप. एवढा लेप जुन्या गाडीत चालतो, कचकचणारे तुकडे असते तर गिअरबॉक्स खोलावा लागला असता. हवा निघायची बारीक नळी चिखलानं बुजली होती. ती बुजली की गरम तेलाचा दाब सीलवर येतो, आणि सील गळत होतं ते त्यामुळंच असावं. नळी साफ केली, सील बदललं, सपाट जागेवर तेल भोकाच्या काठाला येईपर्यंत भरलं.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर मात्र रेडिएटरकडं दुप्पट लक्ष द्या. तिच्यात गिअरचं तेल बऱ्याचदा रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून फिरतं. तो आतून फुटला की तेलात पाणी मिसळतं, लाल तेल गुलाबी दुधासारखं दिसतं. तसं दिसलं तर गाडी एक किलोमीटरही पुढं नेऊ नका.

शेवटी कूलंट आणि बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी निम्मं-निम्मं भरलं. गाडीचं तोंड चढाला लावून, हिटर उघडा ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. आत हवा अडकली तर नव्या रेडिएटरचाही काटा वर जातो.

मेमध्ये टरबुजं भरून धारूरचा घाट दुपारीच चढलो. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि माथ्यावर परत खाली आला. कूलंट मात्र महिन्याला बोटभर कमी होतंय. वॉटर पंपाच्या खालच्या भोकाशी ओल दिसते, म्हणजे आतलं सील सुटायला लागलंय. सोयाबीनचा हंगाम सुरू व्हायच्या आत पंप बदलणार आहे, त्याच खोलण्यात खालचा होजपाइपही.