सलाइन जातं, पण ब्लड बॅक येत नाही

लाइन म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी, कॅथेटर. तिच्या नोंदीच्या फॉर्मवर रकाने दोनच: चालू आणि बंद. माझा वैताग त्या दोघांच्या मधला. पोर्टमध्ये, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या त्या नळीच्या डबीत, सलाइन लोण्यासारखं आत जातं, सिरिंज मागे ओढली की थेंबही रक्त येत नाही. मग 'चालू'वर खूण होते आणि किमोची बाटली लावली जाते.

ही लाइन चालू नाही. बहुतेकदा कॅथेटरच्या टोकाशी फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांचा, पडदा धरलेला असतो. ढकललं की उघडतो, ओढलं की तोंडावर बसतो. हाच पडदा मोज्यासारखा कॅथेटरवर चढला असेल, तर औषध त्या मोज्यातून उलटं फिरून कातडीखाली साठू शकतं. डॉक्सोरुबिसिन किंवा विनक्रिस्टीन असेल तर तिथलं मांस जळतं. ब्लड बॅक नाही तर अशी औषधं नाहीत, एवढं पक्कं.

क्लॅम्प बंद आहे का, नळीला पीळ आहे का, ह्यूबर सुई (पोर्टमध्ये टोचायची खास सुई) नीट बसली आहे का, हे मिनिटभरात बघून होतं. मग पेशंटला मान वळवायला, खोकायला, हात वर करायला सांगायचं. फक्त हात वर केल्यावरच लाइन वाहत असेल तर खूश होऊ नका: कॅथेटर गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यात चिमटत असेल, पुढे तुटूही शकतं. एक्स-रे हवाच.

आता गुठळी विरघळवणारं औषध, अल्टेप्लेज, आणि खरी परीक्षा. अल्टेप्लेजच्या 2 मिग्रॅच्या व्हायलमध्ये 2.2 मिली स्टराइल वॉटर घालून अलगद फिरवायचं. हलवलं की फेस. त्यातलं 2 मिली लाइनमध्ये. हा डोस 30 किलो आणि त्यावरच्या वजनाला. त्याखाली लुमेनच्या (नळीच्या आतल्या पोकळीच्या) मापाच्या 110 टक्के, पण 2 मिग्रॅच्या वर नाही.

आणि मग थांबायचं. दहाव्या मिनिटाला कुणीतरी सिरिंज लावून ओढून बघतं, आत गेलेलं औषध बाहेर येतं, डोस वाया. पहिली तपासणी 30 मिनिटांनी. रक्त नाही आलं तर हात लावायचा नाही, 120 मिनिटांनी पुन्हा बघायचं. तरीही नाही, तर दुसरा डोस, तेच घड्याळ. मी लाइनवर चिकटपट्टी लावते: 'औषध आत आहे, वापरू नका', खाली वेळ. रक्त आलं की 4-5 मिली काढून टाकायचं, मग सलाइनने फ्लश.

हो, सिरिंज 10 मिलीचीच. छोटीत दाब जास्त येतो, कॅथेटर फुटतं.

सलाइनही जात नसेल तर जोर नको. थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, लावायचा: एका तोंडाला रिकामी सिरिंज, दुसऱ्याला औषध. रिकामी 8-9 मिलीपर्यंत ओढून धरायची, तशीच ओढलेली असताना थ्री-वे औषधाकडे वळवायचा. लाइन ते स्वतःच ओढून घेते.

हे सगळं सुरू करण्याआधी विचारायला हवं होतं ते आता आठवलं: हात किंवा मान सुजली आहे का, ताप आहे का, कुठून रक्तस्राव, प्लेटलेट कमी आहेत का? यातलं काही असेल तर आधी डॉक्टर.

आणि एखादं औषध लाइनमधून चालू असतानाच ती अचानक बंद पडली, तर ती गुठळी नसण्याची शक्यता मोठी. फेनिटोइनचा (फिटच्या औषधाचा) साका बसला असेल तर 8.4 टक्के सोडाबायकार्ब, कॅल्शियम-फॉस्फेटचा असेल तर 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, तेही डॉक्टर आणि फार्मसीला विचारूनच. अशा साक्यावर अल्टेप्लेज दोन तास ठेवलं तरी ढिम्म हलत नाही.